वार्धक्यातील विस्मृती आणि प्रयोगशाळेची साक्ष



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रूढ झाली त्या काळी साठी गाठणारी माणसेच थोडी होती. आज कर्जत तालुक्यातील मिरजगावसारख्या गावात साठी-सत्तरी ओलांडलेले स्त्री-पुरुष प्रत्येक आळीत दिसतात. त्यांपैकी एखादे आजोबा बाजारच्या दिवशी अहिल्यानगर–सोलापूर रस्त्याच्या कडेला उभे राहून स्वतःच्याच घराची वाट विचारू लागले, असे समजा. किंवा एखाद्या आजीबाईंना कालपरवापर्यंत तोंडपाठ असलेला दुधाचा हिशेब जुळेनासा झाला, अंधारात पाऊल टाकताना त्यांचा तोल जाऊ लागला, असे समजा. घरातील मंडळी म्हणतात, ‘वय झाले.’ शेजारचा कोणी बाहेरच्या बाधेची शंका काढतो. सून मनातल्या मनात म्हणते की, सासूबाई मुद्दामच असे करतात. या तिन्ही निदानांत एक साम्य आहे. त्यांपैकी एकाचीही तपासणी कोणी केलेली नसते.

मेंदूच्या पेशी हळूहळू झिजत जाण्याचे काही विकार आहेत. अल्झायमरचा स्मृतिभ्रंश, कंपवात म्हणजेच पार्किन्सनचा विकार, आणि काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारे तोल जाण्याचे विकार हे त्यांत प्रमुख होत. हे विकार बरे होत नाहीत, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्यांच्यासारखीच लक्षणे दाखविणारे आणि औषधाने बरे होणारे दुसरेही विकार आहेत, ही गोष्टही तितकीच खरी आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहून ही दोन कुळे नेहमीच वेगळी करता येत नाहीत. त्या कामी वैद्याला प्रयोगशाळेची साक्ष काढावी लागते.

या साक्षीचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात एका एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीची तपासणी केली. तिला स्वतःचे नाव लिहिणेही साधत नव्हते. १९०६ साली ती मरण पावल्यावर तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला पेशींबाहेर साठलेली किटणे आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता आढळला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत त्याने ही हकीकत मांडली. तेथे तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. योगायोग असा की, त्याच वर्षी बर्लिनमध्ये वासरमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपदंश ओळखण्याची रक्ततपासणी प्रसिद्ध केली. त्या काळच्या युरोपातील मनोरुग्णालयांत बुद्धी नष्ट झालेले कित्येक रोगी असत आणि त्यांतील बऱ्याच जणांचा विकार जुन्या उपदंशातून उद्‌भवलेला असे. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी अशा रोग्यांच्या मेंदूतच त्या रोगाचे जंतू दाखवून दिले. पुढे पेनिसिलिन आले आणि ‘वेड लागले’ म्हणून कोंडून ठेवलेल्या माणसांच्या एका मोठ्या वर्गावर इलाज सापडला. एकाच वर्षी लागलेल्या दोन शोधांपैकी एकाचा उलगडा मरणोत्तर होत होता, तर दुसऱ्याचा माणूस जिवंत असताना रक्ताच्या थेंबावरून होत होता. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत बरे होण्याजोगे कारण आधी शोधावे, हा क्रम त्या दुसऱ्या शोधाने घालून दिला. तो आजही बदललेला नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे झाल्यास या क्रमात पहिला मान ब-१२ जीवनसत्त्वाला द्यावा लागेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही थरांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरातील ६७ जणांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण शंभरात ८१ इतके निघाले. सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी अशा माणसांतच ते अधिक असावे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटले. कारण मात्र साधे आहे. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत. मांस, मासे, अंडी आणि दूध यांतूनच ते मिळते. शाकाहारी माणसाला दूध-दही हाच काय तो त्याचा मार्ग, आणि अनेक घरांत दुधाचा उपयोग चहा पांढरा करण्यापलीकडे जात नाही.

वार्धक्यात यात आणखी भर पडते. जठराचा पाचक रस कमी होतो आणि अन्नातील ब-१२ सुटे होत नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी आणि पित्तावरच्या गोळ्या यांमुळेही ते शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे उणीव लवकर ध्यानात येत नाही. मग पायांच्या तळव्यांना मुंग्या येऊ लागतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, स्वभाव चिडका होतो, आणि स्मरण मंदावते. लक्षणांची ही यादी घरच्या माणसांपुढे वाचली तर त्यांपैकी निम्मे म्हणतील, ‘आमच्या म्हाताऱ्याचेच वर्णन झाले.’

येथे मुंबईची एक जुनी हकीकत सांगणे अप्रस्तुत होणार नाही. ल्युसी विल्स या इंग्रज महिला वैद्यकतज्ज्ञ १९२८ च्या सुमारास मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार वर्गातील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखविले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल, हे पुढे कळले. ब-१२ जीवनसत्त्व १९४८ साली वेगळे काढण्यात आले. या दोघांचे नाते समजून घेणे आवश्यक आहे. ब-१२ च्या उणिवेमुळे झालेला रक्तक्षय नुसत्या फोलिक आम्लाच्या गोळ्यांनीही भरून येतो. चेहऱ्यावर तजेला येतो, रक्ताचा आकडा वाढतो, परंतु मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून ‘रक्त चांगले आहे, तेव्हा ब-१२ ची शंका नको’ हा युक्तिवाद फसवा आहे. लोहाचीही उणीव असेल तर रक्तपेशींचा वाढलेला आकारसुद्धा झाकला जातो. रक्तातील ब-१२ थेट मोजणे हाच सरळ मार्ग होय. आकडा सीमारेषेवर आला, तर होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलोनिक आम्ल यांची तपासणी अधिक स्पष्ट उत्तर देते.

आणि एक बारीकशी गोष्ट, जिच्यामुळे सगळी तपासणी फुकट जाते. अशक्त माणसाला कोणीतरी ‘शक्तीचे इंजेक्शन’ देतो आणि त्यानंतर चार दिवसांनी रक्त तपासायला पाठवितो. त्या इंजेक्शनात बहुधा ब-१२ असते. साहजिकच आकडा भरपूर येतो आणि उणीव कायमची दडून राहते. नमुना आधी, इंजेक्शन नंतर, हा क्रम आशा कार्यकर्तीपासून वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाने पाळावयास हवा.

ब-१२ कमी निघाले म्हणजे विस्मृतीचे कारण हमखास सापडले, असे मात्र समजू नये. जी उणीव शंभरात साठ-सत्तर जणांत आढळते, ती अल्झायमरच्या रोग्यातही आढळणारच. उणीव भरून काढल्यावर काहींची स्मृती सुधारते, काहींची नाही. लवकर उपचार झाले तर मज्जातंतू सावरतात. वर्षे उलटली तर हानी कायम राहते. औषध स्वस्त आहे. महाग पडतो तो उशीर.

दुसरी तपासणी थायरॉईड ग्रंथीची. ही ग्रंथी मंदावली म्हणजे माणूस सुस्त होतो, आवाज घोगरा होतो, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता जडते आणि विचारांची गतीही मंदावते. टीएसएच या एका रक्ततपासणीवरून हे कळते आणि रोजच्या एका गोळीने ते सुधारते. तिसरी तपासणी रक्तातील क्षारांची. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांत सोडियम घटते, विशेषतः उन्हाळ्यात आणि जुलाबाच्या दिवसांत. कर्जत तालुक्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याविषयी अधिक सांगावयास नको. आठ दिवसांपूर्वी शहाणासुरता असलेला माणूस एकाएकी बरळू लागला, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश एका आठवड्यात येत नाही. अशा वेळी सोडियम, रक्तातील साखर, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या आणि लघवीची तपासणी तातडीने व्हावयास पाहिजे. मधुमेहाचे औषध घेऊन उपाशी राहिलेल्या वृद्धाची साखर उतरली तर तोही असाच भ्रमिष्ट वागतो. उपदंश आणि एचआयव्ही यांच्या तपासण्याही यादीत असतात. त्यांचे नाव काढल्यास घरची मंडळी रागावतात, तथापि वैद्य त्या चारित्र्याच्या चौकशीसाठी करीत नाही.

दोन कारणे प्रयोगशाळेत सापडत नाहीत, पण विचारपूस केल्यास सापडतात. एक म्हणजे पडणे. बैलगाडीवरून किंवा ओल्या मोरीत पडून डोक्याला लागलेला मार दोन-तीन आठवड्यांत विसरला जातो. कवटीच्या आत मात्र रक्त साठत राहते आणि माणूस हळूहळू गुंगत जातो. मेंदूचे छायाचित्र काढल्यास ते दिसते आणि शस्त्रक्रियेने तो बरा होतो. दुसरे कारण औषधांच्या पिशवीत असते. चक्कर येते म्हणून दिलेल्या सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या, तर हात थरथरतात, चाल मंदावते आणि कंपवाताचे हुबेहूब सोंग उभे राहते. उलटीवरील काही औषधांनीही असेच होते. दवाखान्यात जाताना घरातील सगळ्या गोळ्या पिशवीत घालून नेणे ही बिनखर्चाची तपासणी होय.

शिक्षकबंधूंसाठी एक विकार वेगळा सांगावयाचा आहे, कारण तो वृद्धांचा नव्हे. हुशार मुलाचे अक्षर वर्ष-दोन वर्षांत बिघडते, बोलणे अडखळते, तोंडातून लाळ गळते, अभ्यासात तो मागे पडतो आणि वर्गात त्याला आळशी ठरवून शिक्षा होते. किन्नियर विल्सन यांनी १९१२ साली वर्णिलेल्या विकारात असे घडते. शरीरातील तांबे बाहेर पडत नाही आणि ते यकृतात व मेंदूत साठते. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन आणि चोवीस तासांच्या लघवीतील तांबे यांची तपासणी, तसेच डोळ्याच्या बुबुळाभोवती दिसणारे तांबूस-हिरवट कडे यांवरून तो ओळखता येतो. पेनिसिलामिन किंवा जस्ताची औषधे जन्मभर घ्यावी लागतात, परंतु वेळीच सुरू केली तर मूल शाळेत परत येऊ शकते. हा विकार आई व वडील या दोघांकडून दोष आल्यासच होतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या घराण्यांत आहे, तेथे त्याची शक्यता वाढते. एका मुलात तो आढळल्यास त्याच्या भावंडांची तपासणी लक्षणांची वाट न पाहता करावी लागते.

आता खऱ्या झिजेच्या विकारांकडे वळू. बरी होणारी सर्व कारणे बाजूला सारल्यावर जे उरते, त्यासाठीही प्रयोगशाळेने गेल्या काही दशकांत नवी साधने दिली आहेत. मेंदू आणि पाठीचा कणा यांभोवती असणारे पाणी कमरेच्या मणक्यांमधून सुईने काढण्याची पद्धत क्विंके याने १८९१ साली रूढ केली. ‘पाठीतून पाणी काढले म्हणजे माणूस लुळा होतो’ ही समजूत गावोगाव आहे. वास्तविक पाठीचा मज्जारज्जू जेथे संपतो, त्याच्याही खाली ही सुई घातली जाते. दोन दिवस डोके दुखण्याचा त्रास काहींना होतो. या पाण्यातील अमायलॉइड आणि टाउ या प्रथिनांच्या प्रमाणावरून अल्झायमरने मृत्यूनंतर पाहिलेली ती किटणे आणि तो गुंता आता हयातीतच ओळखता येतो. त्याहीपुढे जाऊन टाउ प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार रक्तातच मोजणे शक्य झाले आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्ततपासणीला मान्यता दिली. ती पंचावन्न वर्षे व त्यापुढील वयाच्या, लक्षणे दिसू लागलेल्या रोग्यांसाठी आहे.

ही मर्यादा सहेतुक घातलेली आहे. मेंदूतील किटण लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साठू लागते आणि काही माणसे ते बाळगूनही शेवटपर्यंत शहाणी राहतात. धडधाकट माणसाने हौसेने ही तपासणी करून घेतल्यास त्याच्या पदरी चिंतेखेरीज काही पडणार नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आकडा वाढलेला दिसतो. अलीकडे निघालेली औषधे झिजेची गती काहीशी मंद करतात, ती थांबवीत नाहीत. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी शंभरात सुमारे ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाने दिला आहे. त्या सर्वांना महागड्या तपासणीच्या रांगेत उभे करण्यापेक्षा आधी सोप्या तपासण्या प्रत्येकाच्या वाट्याला येणे अधिक अगत्याचे आहे.

कंपवाताचे निदान आजही मुख्यतः डॉक्टरांच्या डोळ्यांवर आणि हातांवर अवलंबून आहे. रोग्याची चाल, बोटांची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि लेवोडोपा या औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवरून ते ठरते. (हेच द्रव्य आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांत असल्याचे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ साली दाखविले होते. म्हणून कोणी बिया कुटून खाण्याचा प्रयोग करू नये. मात्रा चुकते.) अलीकडे मात्र एक नवी तपासणी पुढे आली आहे. विरजणाचा थेंब दुधात पडला की सारे दूध दही होते. त्याचप्रमाणे बिघडलेल्या प्रथिनाचा अल्पसा अंश निरोगी प्रथिनात मिसळला असता तेही बिघडत जाते. रोग्याच्या पाठीतील पाण्यात असे ‘विरजण’ आहे काय, हे या तपासणीने पाहतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात कंपवाताच्या शंभरातील सुमारे ८८ रोग्यांत ते सापडले. ही तपासणी अद्याप संशोधनाच्या आणि मोठ्या केंद्रांच्या कक्षेत आहे.

आनुवंशिक विकारांच्या बाबतीत महाराष्ट्राचे नाव जागतिक वैद्यकात आदराने घेतले जाते, ते डॉ. नोशीर वाडिया यांच्यामुळे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग त्यांनी उभारला. काही घराण्यांत तरुणपणीच तोल जाऊ लागतो आणि त्याबरोबर डोळ्यांची हालचालही विलक्षण मंद होते, हे त्यांच्या लक्षात आले. अशा नऊ घराण्यांचे वर्णन त्यांनी स्वामी या सहकाऱ्यासह १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा हाताशी होते ते रोग्यापुढे धरलेले बोट आणि वंशवृक्ष काढलेला कागद. त्या विकाराचे जनुक १९९६ साली सापडले. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. निरोगी माणसात तो बहुधा २२ वेळा आढळतो. ही संख्या ३३ किंवा त्याहून अधिक झाली की विकार संभवतो. आज रक्ताच्या एका नमुन्यावरून ही मोजणी होते.

परंतु हा आकडा एका माणसाचा राहत नाही. तो त्याच्या भावंडांचा आणि मुलांचाही होतो. लग्न ठरलेल्या मुलीच्या वडिलांचा अहवाल चावडीवर चर्चिला गेला, तर एका कागदाने घर मोडू शकते. म्हणूनच अशा तपासणीपूर्वी समुपदेशन करतात, रोग्याची संमती घेतात, अहवाल फक्त त्याच्याच हाती देतात आणि लक्षणे नसलेल्या अज्ञान मुलांची तपासणी करीत नाहीत. पंचायतीच्या सदस्यांना गावातील पुष्कळ गोष्टी कळतात. ही गोष्ट कळली तरी बोलावयाची नाही.

हे सर्व मिरजगावच्या आजोबांपर्यंत पोहोचावयाचे कसे? कर्जतच्या शेजारच्याच जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जो आरोग्य प्रकल्प सुरू केला, त्यात फारसे शिक्षण नसलेल्या ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्याच गावात उभे करण्यात आले. १९७९ साली त्या कार्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातील बदल आधी गावातल्याच बाईच्या नजरेत येतो, हे त्या प्रकल्पाने दाखवून दिले. आरोग्य केंद्रांतून घेतलेले नमुने मोठ्या प्रयोगशाळांकडे पाठविणारी ‘महालॅब’ योजना राज्यात २०१७ साली आली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. कोणती तपासणी आरोग्य केंद्रात होते आणि कोणत्या तपासणीसाठी तालुक्याला वा जिल्ह्याला जावे लागते, याची विचारणा ग्रामसभेच्या आधी एकदा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे करून ती माहिती पंचायतीच्या फलकावर लावता येईल.

आजोबांना दवाखान्यात नेताना सोबत कोणाला पाठवावे, हाही प्रश्न लहान नाही. बहुधा मोटारसायकल चालविणारा नातू जातो, आणि डॉक्टरांनी विचारले तर त्याला काही सांगता येत नाही. विसरणे केव्हा सुरू झाले, एकदम झाले की हळूहळू, मध्यंतरी ते कोठे पडले होते काय, जेवणात दूध किती असते, पायाला मुंग्या येतात काय, हे सर्व घरातील वृद्ध स्त्रीला ठाऊक असते. तिला बरोबर घ्यावे. सोबत गोळ्यांची पिशवी असावी. रक्ताचा नमुना दिल्यानंतर त्या बाटलीवर आजोबांचे पूर्ण नाव आणि वय चिकटविलेले आहे काय, हे तिथल्या तिथे पाहून घ्यावे. एकाच आडनावाची पन्नास घरे असलेल्या गावात एकाचा अहवाल दुसऱ्याच्या हाती पडावयास वेळ लागत नाही.